दार लावून घेतलं तरी प्रेक्षकाला कळतं. मग आत कॅमेरा न्यायलाच हवा का?

फोंडेकरीण

आमच्या नाट्यमंडळाच्या ग्रुपवर काल एका तरुण दिग्दर्शकाने लिहिलं, "कथेत बलात्कार असेल, खून असेल, शय्या असेल, तर ते दिसलंच पाहिजे. कॅमेरा वळवणं हा भेकडपणा. मराठी प्रेक्षक अजून वयात आलेला नाही, म्हणून आपले लेखक दार लावून घेतात." त्यावर धडाधड अंगठे पडले. माझं उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

'सैराट'चा शेवट आठवा. मारताना कोणी दिसत नाही. आवाजही नाही. शेजारणीबरोबर गेलेलं मूल परत येतं आणि रक्ताने भरलेल्या पावलांनी बाहेर पडतं. २०१६ साली थिएटरमध्ये दिवे लागले तरी लोक खुर्चीतून उठत नव्हते. त्या दिग्दर्शकाला कोणी भेकड म्हणेल का?

दुसरं, आणि मला जास्त छळणारं. मी उच्च माध्यमिकला शिकवते. मधल्या सुट्टीत मुलांच्या घोळक्यात एक मोबाइल सापडला. एका वेब मालिकेतला बलात्काराचा प्रसंग, कापून काढलेला, आवाज बंद केलेला. मी विचारलं, ही बाई कोण? हिच्यावर ही वेळ का आली? पुढे काय होतं? एकालाही सांगता आलं नाही. मालिका कोणी पाहिलीच नव्हती. त्यांच्यापुरती कथा नव्हतीच, फक्त तिचं अंग होतं. लेखक म्हणतो, "प्रसंग कथेची गरज होती." बरं, मान्य. पण आज कुठलाही प्रसंग कथेत राहतो कुठे? दुसऱ्या दिवशी तो सुटा होऊन फिरायला लागतो, आणि फिरते ती नटी. लेखक नाही, दिग्दर्शक नाही.

म्हणून म्हणते, दाखवण्याआधी हा विचार करणं हे दिग्दर्शकाचं काम आहे. त्याला भित्रेपणा म्हणू नका.

डिचोलीचा_रंगमंच

ताई, तो दिग्दर्शक मीच. तिथेच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

'सैराट'मध्ये मारताना दिसत नाही, बरोबर. पण दोघांचे रक्तात पडलेले देह दिसतात की! तेही कापा म्हणणारे लोक होते, आहेत. तुम्ही म्हणता "विचार करा". सत्तेवरचे लोक तेवढ्यावर थांबत नाहीत. २०१७चा इफ्फी, आपल्या गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, विसरलात? ज्युरीने निवडलेले दोन चित्रपट केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने इंडियन पॅनोरमातून, म्हणजे भारतीय चित्रपटांच्या विभागातून, काढून टाकले, आपला मराठी 'न्यूड' आणि मल्याळम 'एस दुर्गा'. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष राजीनामा देऊन मोकळे झाले. 'एस दुर्गा'त काय आहे ते ज्यांनी ओरडा केला त्यांतल्या किती जणांनी पाहिलं होतं? एक जोडपं रात्री रस्त्यावर गाडीला हात करतं आणि गाडीतले पुरुष त्यांना छळत राहतात. नग्नता नाही, संभोग नाही. अंगात आकडे टोचलेले दिसतात ते देवीच्या उत्सवातल्या भक्तांच्या. 'सेक्सी दुर्गा' या मूळ नावावरून गदारोळ झाला. केरळ उच्च न्यायालयाने दाखवा म्हणून सांगितलं, तरी पणजीत तो दाखवला गेला नाही.

म्हणजे न दाखवताही बंदी येते. मग मी आधीच अर्धं झाकून कोणाला खूश करू?

आणि १९९६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. 'बँडिट क्वीन'मध्ये फूलनदेवीला विवस्त्र करून विहिरीवर पाणी भरायला लावतात. न्यायालयाने सांगितलं, हे पाहून वासना जागी होत नाही, किळस येते, दया येते, ते करणाऱ्यांचा राग येतो. तो प्रसंग दाराआड झाला असता तर गाव बघत उभं होतं, हे कळलं असतं?

केरीचा_काला

दोघांनीही चित्रपटांतून जरा बाहेर या. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात देवळाच्या मांडावर रात्रभर दशावतारी काला, म्हणजे लोकनाट्य, होतो. राक्षस मरतो, दरवेळी मरतो. मृदंग चढतो, झांज चढते, दोन गिरक्या, आणि तो पडतो. रक्ताचा थेंब नाही. पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड खुपसतात. नाट्यशास्त्रातच सांगितलंय की युद्ध, मरण, राज्य बुडणं हे अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रसंगातून, कळवावं. चुंबन, आलिंगनही रंगमंचावर नको. हे काही कोणी मंत्रालयातून काढलेलं परिपत्रक नव्हे. नाटक कशावर चालतं हे कळलेल्या माणसांनी लिहिलंय.

डिचोलीचा_रंगमंच

आणि भासाने, त्या जुन्या संस्कृत नाटककाराने, 'ऊरुभंग'मध्ये मांड्या मोडलेला दुर्योधन रंगमंचावर आणला, तिथेच त्याला मरू दिला. त्याला नाट्यशास्त्र कळत नव्हतं का? परंपरा सांगायची तर पूर्ण सांगा.

केरीचा_काला

मांड्या मोडताना दाखवल्या नाहीत. गदायुद्ध सैनिक वर्णन करून सांगतात. मोडलेला माणूस आणि त्याच्याकडे येणारं पोर दाखवलं. हेच तर मी म्हणतोय!

मळ्यातली

परंपरा, परंपरा. आपण पोरांना दिवाळीला काय दाखवतो? नरकासुराचा वीस फुटी पुतळा, जीभ बाहेर, दात बाहेर, पोटावर रंगवलेली आतडी. पहाटे त्याला पेटवायचा आणि पाच वर्षांचं पोर खांद्यावर घेऊन बघायचं. घरी येऊन अभ्यंगस्नान, अंगठ्याने कारीट फोडायचं आणि फोव, म्हणजे पोहे, खायचे. कोणाचं मूल बिघडलं? हिंसा दाखवायची नाही म्हणणाऱ्यांनी आधी गोव्यातले नरकासुर बंद करून दाखवावेत.

केरीचा_काला

नरकासुराला मध्ये आणू नका. ते वाईटाचं दहन आहे. त्यात आणि वेब मालिकेतल्या मुडद्यांत फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

मळ्यातली

फरक मला कळतो. मी मळ्यातलीच, नरकासुर बघतच वाढले. तेव्हा बांबूचा सांगाडा, आत सुकं तण, वर रद्दी, आणि मुखवटा तेवढा बाजारातून. आता लोखंडी सळ्या, हात-मान हलवणारी यंत्रं, आणि खिडक्या थरथरतील असे स्पीकर. कायद्याने रात्री दहाला आवाज बंद, आणि हे पहाटेपर्यंत. माझी सासू हृदयरोगी. त्या रात्री आम्ही तिला गावी पाठवतो. पोलिसांना फोन केला तर "सणच आहे मॅडम". हे तुमचं वाईटाचं दहन?

पर्वरी_७७

स्पीकरबद्दल शंभर टक्के. आणि सकाळी रस्त्यावर जळक्या सळ्या, तारा कोण उचलतं? आमच्याकडे दुचाकीचा टायर फाटला. बक्षिसं नरकासुराला, लाखांच्या गोष्टी, आणि ज्याने त्याला मारला तो कृष्ण कुठे? एका कोपऱ्यात, कोणाच्या तरी पोराला निळा रंग फासून उभा केलेला.

केरीचा_काला

हे मात्र खरं. राक्षस मोठा होत गेला आणि कृष्ण विसरला गेला. आमच्या वाड्यावर आम्ही स्पर्धेत उतरत नाही. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

मळ्यातली

मग पडद्याबद्दल माझंही म्हणणं हेच आहे! मारणारा देखणा, संथ गतीत चालणारा, मागे संगीत. मेलेला कोण, त्याचं घर कुठे, कोणाला पत्ता नाही. नरकासुर मोठा, कृष्ण कोपऱ्यात.

फोंडेकरीण

कृपा करून धाग्यावर या. नरकासुरावर वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन, त्या स्पीकरांचा मलाही ताप आहे.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. इस्पितळाचं नाव घेणार नाही. चित्रपटातल्या हिंसेबद्दल माझी तक्रार उलटी आहे. दाखवतात म्हणून नव्हे, खोटं दाखवतात म्हणून. डोक्यात सळी बसलेला माणूस पडद्यावर मान झटकून उठतो. आमच्याकडे आलेला उठत नाही. तो ओकतो, एकच प्रश्न दहा वेळा विचारतो, मग बोलायचा थांबतो. एका रात्री भांडणात भोसकलेला माणूस आणला. आम्ही कात्रीने त्याचा शर्ट कापत होतो आणि त्याची बायको माझा हात धरून सांगत होती, "कापू नका सिस्टर, नवा आहे, गणेश चवथीला घेतलाय." तिला अजून कळलं नव्हतं. हे कोणी लिहितं का? पोटात सुरा जाताना दाखवायला पैसे असतात, तो शर्ट दाखवायला नसतात.

दाखवायचं तर शेवटपर्यंत दाखवा. जखम, टाके, नळीतून पिशवीत जाणारी लघवी, सहा महिन्यांनी कामावर न घेणारा मालक. नाही जमत, तर सुराही नको.

डिचोलीचा_रंगमंच

सिस्टर, हे मी लिहून घेतलं. पण बघा, तुम्हीही जास्त दाखवा असंच म्हणताय.

रात्रपाळी

मी खरं दाखवा म्हणतेय. तुमच्या सोयीने वाचू नका.

नाव_नको

मी सहसा लिहीत नाही. फोंडेकरीण ताई, तुमचं बरंचसं पटलं, पण एक सांगते. आमच्या घरी टीव्हीवर एक चित्रपट लागला होता. नवरा जेवताना बायकोला मारतो. तोंड वळवलेलं नाही, ताट सांडतं, ती उठते आणि फरशी पुसायला लागते. पूर्ण दाखवलं होतं. माझी आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "तुझे बाबा असेच, आणि मी अशीच पुसायची." बाबा जाऊन कित्येक वर्षं झाली, तोवर एक अक्षर बोलली नव्हती. आम्ही भावंडं दुसऱ्या खोलीत असायचो, दार लावलेलं असायचं. दार लावलेलं होतं म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं. पडद्यावरही दार लागलं असतं तर आई बोलली नसती.

फोंडेकरीण

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ओढूनताणून देणार नाही. मारहाण दाखवली पाहिजे, तुमच्या आईसाठी दाखवली पाहिजे, मान्य. पण तुम्हीच सांगितलंत त्यात कॅमेरा कुठे होता बघा. ताटावर, फरशीवर, तिच्या हातावर. बलात्काराच्या प्रसंगात तोच कॅमेरा बाईच्या अंगावरून फिरतो, मारणाऱ्याच्या नजरेने फिरतो. माझा झगडा त्या नजरेशी आहे. डिचोलीकर, तुमच्या न्यायालयानेही किळस आली म्हणून मान्यता दिली. प्रत्येकाचा प्रसंग किळस आणतो का?

बागा_टॅक्सी

तुम्ही कलेचं बोलता, मी पोटाचं बोलतो. हिंदी पडद्यावर गोवा म्हणजे ड्रग्ज, पिस्तूल आणि बिकिनी. गिऱ्हाईक विमानतळावरून गाडीत बसतं आणि पहिला प्रश्न, "भाई, माल कहाँ मिलेगा, लडकी कहाँ मिलेगी?" माझी मुलगी त्याच रस्त्यावरून कॉलेजला जाते. एकदा एकाला मी पर्वरीच्या पुलाअलीकडे उतरवून दिला, भाडं सोडलं. गोव्यात देवळं आहेत, कोकणी तियात्राची नाटकं आहेत, शेतं आहेत, लोक सकाळी पाव आणायला जातात. ते कोणी दाखवत नाही. "कथेची गरज" म्हणतात. कोणाच्या कथेची?

पर्वरी_७७

खरं आहे. पण त्या गिऱ्हाइकांना नाचवणारे शॅकवाले, क्लबवाले सगळे बाहेरचे का? थोडं आपल्याकडेही बघू.

बागा_टॅक्सी

बघतो. तुम्ही पर्वरीत राहून बघा, मी किनाऱ्यावर राहून बघतो.

मळ्यातली

वयाचं कोणीच बोललं नाही. २०२३च्या दुरुस्तीनंतर चित्रपटांना सात, तेरा, सोळा असे वयाचे वेगळे शिक्के आले. ओटीटीवाले तर २०२१च्या नियमांप्रमाणे स्वतःच स्वतःला शिक्का देतात, सेन्सॉर बोर्ड तिथे नाहीच. पालकांचं कुलूप आहे, पण ते लावलेलं घर मला दाखवा. मास्तरीणबाईंनी मुलांचे मोबाइल धरण्याआधी आयांचे धरावेत.

फोंडेकरीण

पालकसभेत सांगते, दरवर्षी सांगते. सभेला येतं कोण?

स्पर्धेतली_नटी

सगळं वाचलं आणि संताप आला. दोन्ही बाजूंनी माझ्याबद्दलच चाललंय आणि मला कोणी विचारत नाही. मी गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत कामं केली आहेत, हौशी. एका नाटकात जबरदस्तीचा प्रसंग होता. तालमीत ठरलं होतं तो माझं मनगट धरेल आणि अंधार होईल. प्रयोगाच्या रात्री त्याने पदर ओढला. "भावनेच्या भरात झालं" म्हणाला. परीक्षकांनी त्या प्रसंगाचं कौतुक केलं, "जिवंत" म्हणाले. जिवंत होताच, मी खरीच घाबरले होते. मंडळातल्या कोणीही त्याला जाब विचारला नाही.

ताई, तुम्ही नटीची काळजी करता, चांगलं आहे. पण "तिला दाखवू नका" हा निर्णयही तुम्हीच घेता. मी असा प्रसंग करीन, अंगभर करीन, कथा तशी असेल तर. फक्त हात कुठे, किती वेळ, दिवा कधी जाणार हे आधी कागदावर हवं, आणि ते मोडलं तर प्रयोग थांबला पाहिजे. मोठ्या निर्मितीत आता त्यासाठी वेगळं माणूस नेमतात. आपल्याकडे तालमीला चहा आणणारा नेमतात, हे नाही.

डिचोलीचा_रंगमंच

हे झालं त्या नाटकाचा दिग्दर्शक मी नव्हतो, हे आधी सांगतो. पण तुम्ही म्हणता ते कागदावर लिहायचं काम मीही आजवर कोणत्या तालमीत पाहिलेलं नाही. लिहिता येईल. माझ्या नव्या नाटकातला प्रसंग मात्र राहणार, अंधार करणार नाही. गाव बघत उभं आहे हे मला दाखवायचंच आहे.

फोंडेकरीण

मग गाव दाखवा. उजेड बघणाऱ्यांच्या तोंडावर टाका, तिच्यावर नको. प्रसंग ठेवा, माझी हरकत मी मागे घेते, तेवढ्यापुरती. "भेकड" शब्द तुम्ही ग्रुपवरून मागे घ्या.

डिचोलीचा_रंगमंच

'सैराट'पुरता घेतो. बाकीच्यांपुरता नाही.

स्पर्धेतली_नटी

आणि कागद? तालमी कधीपासून आहेत?

डिचोलीचा_रंगमंच

चवथ झाली की. या तुम्ही, कागद आपण दोघं मिळून लिहू.