क्षेत्रभेट शाळेच्या मैदानातही होऊ शकते

बसचा खर्च, परवानग्या आणि मुलांची सुरक्षितता यांमुळे प्राथमिक शाळांना क्षेत्रभेटी झेपत नाहीत, हा वरच्या प्रतिसादातला मुद्दा रास्त आहे. मात्र परिसर अभ्यासासाठी दर वेळी गावाबाहेर जावेच लागते, असे मला वाटत नाही. पुण्यातल्या एखाद्या शाळेने मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ रोवावी आणि चौथीच्या मुलांना बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगावे. २२ डिसेंबरला सर्वांत आखूड सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते, तर २१ मार्चला जेमतेम ३३. ही आखूड सावली नेमकी उत्तरेकडे पडते, त्यामुळे नकाशातली उत्तर शाळेच्या कोणत्या भिंतीकडे आहे, हे मुलांना स्वतः ठरवता येते. शिवाय ती बाराला न पडता साडेबारानंतर पडते, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. हे स्पष्टीकरण चौथीत घाईने देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. वेळेची नोंद वहीत राहू द्यावी आणि ‘असे का?’ हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत शिक्षकांनी थांबावे. मुलांनी सूर्याकडे थेट पाहू नये, एवढी दक्षता मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी.