घट बसायच्या आत पंखे : सोसायटी ग्रुपवरची एक सकाळ

ए-२०३ वहिनी (९:४०): नमस्कार. काल हॉलचा पंखा पुसून घेतला, तेव्हापासून डुगडुगतोय. तीनवर ठीक आहे, चारवर नेला की वरच्या वाटीतून कट-कट आवाज येतो. कोणाच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आहे का?

सी-१०२ काकू (९:४३): पुसला कोणी?

ए-२०३ वहिनी: वॉचमनने एक मुलगा आणला होता. पंख्याला ५० रुपये. पोळ्याला बैल धुतात तसा पंखा धूत होता. अख्खा भार पात्यावर.

बी-४०१ काका: झालं! पातं वाकलं असणार.

सेक्रेटरी (९:५०): सोसायटीची शिडी कोणाकडे आहे? रजिस्टरमध्ये शेवटची नोंद गणपतीच्या आधीची आहे. कृपया जिन्याखाली आणून ठेवा. घट बसायला ११ दिवस राहिलेत, सगळ्यांना लागणार आहे.

सी-१०२ काकू: पंखा पुसायला माणूस लागतोच कशाला? उशीचा जुना अभ्रा घ्यायचा, पात्यावर पिशवीसारखा चढवायचा, वरून-खालून दाबून बाहेर ओढायचा. सगळी धूळ अभ्र्याच्या आत. खाली पलंगावर कण पडत नाही. फक्त ओढताना दुसरा हात पात्याला खालून द्यायचा.

बी-३०२: काकू, आमच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याला केलं हे. धुळीच्या काळ्या वळ्या झाल्या आणि तिथेच चिकटल्या 😭

सी-१०२ काकू: अगं, तिथे फोडणीचा चिकटा असतो. तो कोरड्याने जन्मात निघायचा नाही. कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड आणि चमचाभर खायचा सोडा. फडकं घट्ट पिळून पात्याला गुंडाळून पाच मिनिटं तसंच ठेव. मग पुसलं की मेणासारखं सुटून येतं. शेवटी साध्या पाण्याचा हात, नाहीतर पांढरे ओरखडे दिसतात. मधल्या मोटारीला ओलं फडकं लावू नकोस.

बी-४०१ काका: आणि आधी मेन स्विच पाडा. रेग्युलेटर शून्यावर आणला म्हणजे पंखा बंद, असं समजणारे लोक आहेत आपल्यात.

ए-१०३: काका, पंखा फिरत असतो तरी त्यावर धूळ बसते कशी? उडून जायला पाहिजे ना.

बी-४०१ काका: पात्याला अगदी लगटून असलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. त्यामुळे बारीक धुळीला वारा लागतच नाही, एकदा टेकली की टेकली. हवा कापणारी कड बोटाने पुसून बघ, जाड काळी पट्टी तिथेच असते.

ए-१०३: आमचा पुसला तरी हळूच फिरतो पण.

बी-४०१ काका: मग धुळीवर खापर फोडू नकोस. कपॅसिटर, म्हणजे मोटारीला जोर देणारा छोटा डबा, उतरला असेल. बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा असतो, तरी जुन्यावरचा आकडा बघूनच नवा आण.

बी-३०२ (१०:१५): आता भिंतीचं सांगा. सोफ्यामागची भिंत ओल्या फडक्याने पुसली तर रंगच फडक्यावर आला. बादलीतलं पाणी पिवळं!

सेक्रेटरी: बिल्डरने आतून डिस्टेंपर दिलाय. ज्यांनी नंतर प्लास्टिक इमल्शन मारलं त्यांनीच ओलं पुसावं.

सी-१०२ काकू: काय मारलंय ते आठवत नसेल तर कपाटामागे ओलं बोट घासून बघा. बोटाला रंग लागला तर नुसता कोरडा कुंचा. इमल्शन असेल तर जळमटं वरून खाली काढा, पण ओलं फडकं खालून वर न्या.

बी-३०२: उलटं नाही का? मग खालचं परत घाण होणार.

सी-१०२ काकू: ते ओघळ पुसता येतात. कोरड्या मळक्या भिंतीवर ओघळ आला तर त्याची रेघ बसते, मग हाताने घासून घासून सुद्धा जात नाही. माझ्या बेडरूममध्ये तीन रेघा आहेत, येऊन बघ. स्विचबोर्डच्या कडेचे बोटांचे डाग मात्र मी खोडरबरानेच काढते.

ए-३०१ (१०:३१): आमच्या बेडरूमला पावसाळ्यापासून काळे ठिपके आलेत. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून लावू का? व्हिडिओत दाखवलंय.

बी-४०१ काका: अजिबात नाही!! टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं. ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तर विचारूच नका. लावायचंच तर नुसतं ब्लीच लावा, खिडकी उघडी ठेवून. आणि बुरशी कोरडी खरवडू नका, खोलीभर उडते. आधी ओली करा.

ए-३०१: बरं. ठिपक्यांच्या वर पोपडे पण आलेत, हात लावला की मिठासारखी पांढरी भुकटी पडते.

बी-४०१ काका: मग ती साफसफाईची बाब नाही. आतून पाणी येतंय. वर काय आहे?

ए-३०१: ए-४०१ चं बाथरूम.

ए-४०१: आमचं बाथरूम दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफ केलेलं आहे. बिल दाखवू शकतो.

ए-३०१: बिलाने ओल थांबत नाही.

(ए-४०१ यांनी हा मेसेज डिलीट केला)

सेक्रेटरी: हा विषय इथे नको 🙏 दोघांनी तक्रार रजिस्टरमध्ये लिहा, रविवारी प्लंबरसोबत बघू. शिडीचं कोणी बोललं नाही अजून.

ए-२०३ वहिनी (११:०५): काका, आमच्या पंख्याचं काय करू? इलेक्ट्रिशियन परवा येतो म्हणाला.

बी-४०१ काका: लाकडी पट्टी आहे? एक पाती छतासमोर कुठल्या तरी एका जागी आणा. टोकापासून छतापर्यंत मोजा. पट्टी हलवू नका, दुसरी पाती फिरवून त्याच जागी आणा. मग तिसरी. छत सपाट नसतं, म्हणून जागा तीच. आणि पात्यांचे स्क्रू घट्ट आहेत ना तेही बघा.

ए-२०३ वहिनी (११:३२): ह्यांना स्टुलावर चढवलं. दोन पाती साडेदहा इंच, तिसरी अकराला लोंबतेय. स्क्रू घट्ट आहेत.

बी-४०१ काका: तीच. बुंध्याशी जिथे पत्र्याची पट्टी आहे, तिथे धरून हळू वर उचला. टोकाला धरून नाही. जरा उचला, परत मोजा. घाई नको.

ए-२०३ वहिनी (११:५०): साडेदहाला आणली. चारवर लावलाय. कट-कट थांबली!! डुलणं अगदी बारीक राहिलंय. काका, खूप खूप आभार. पाचवर लावायचं धाडस होत नाही.

ए-१०३: लावा वहिनी. मी बरोब्बर खालीच राहतो, काही झालं तर ग्रुपवर टाकतो.

ए-२०३ वहिनी: 😂 आणि सेक्रेटरी साहेब, शिडी आमच्याकडेच आहे. बाल्कनीत होती, ह्यांना आत्ता दिसली.

सेक्रेटरी: मग स्टुलावर कशाला चढवलंत त्यांना?