‘ज्युरासिक पार्क’ तुम्ही कुठे आणि कोणाबरोबर पाहिला? सातारा-सांगलीकडचे अनुभव

एप्रिल संपत आला आणि साताऱ्यातले रस्ते दुपारी ओस पडू लागले, की मला १९९४ चा उन्हाळा आठवतो. अमेरिकेत ‘ज्युरासिक पार्क’ ११ जून १९९३ रोजी प्रदर्शित झाला होता. आपल्याकडे तो पुढच्या उन्हाळ्यात आला आणि येताना हिंदी बोलत आला. त्या हिंदीमुळेच तो आमच्या घरापर्यंत पोहोचला, असे मला आजही वाटते. तोवर इंग्रजी चित्रपट म्हणजे सकाळच्या खेळाला लागणारा आणि घरात ज्याचे नावही काढायचे नाही असा प्रकार होता. या चित्रपटासाठी मात्र माझे काका रहिमतपूरहून पहिल्या एसटीने आले आणि दहावीची परीक्षा दिलेल्या मला व चार चुलत भावंडांना स्वतः रांगेत उभे राहून घेऊन गेले.

त्या दुपारचा एक प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. डायनोसॉरांचे अभ्यासक डॉ. ग्रँट उघड्या जीपमध्ये उभे राहतात, डोळ्यांवरचा चष्मा काढतात, शेजारी पान निरखत बसलेल्या त्यांच्या सहकारी एलीचे डोके हाताने वळवतात, आणि तरीही दिग्दर्शक आपल्याला प्राणी दाखवत नाही. आधी दोन माणसांचे चेहरे पुरेसे पाहू देतो आणि मगच ती प्रचंड मान पडद्यावर येते. त्या क्षणी काका जागेवरून उठून उभे राहिले होते आणि मागच्या रांगेतल्या कोणीही त्यांना ‘खाली बसा’ म्हटले नाही. दोन तास सात मिनिटांच्या या चित्रपटात डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. माझ्या आठवणीत तर ते पूर्ण वेळ पडद्यावर होते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे मोठेपण मला त्या पंधरा मिनिटांइतकेच त्यांची वाट पाहायला लावणाऱ्या उरलेल्या वेळात दिसते.

आपल्या भागात हा चित्रपट कोणी कुठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला आणि पुढे त्याने आपल्याला काय दिले, ते कृपया सविस्तर लिहावे.

माण तालुक्यातून

मी तो थिएटरात पाहिलेला नाही. आमच्याकडे तो दोन-तीन वर्षांनी आला, हिवाळ्यात, पुसेगावच्या यात्रेतल्या तंबूत. जमिनीवर बसायचे, मध्ये दोर बांधून बायामाणसांची बाजू वेगळी केलेली, मागे ट्रकमध्ये प्रोजेक्टर आणि त्याच्याही मागे जनरेटरची घरघर, असा तो थाट होता. आमच्या भोवती बसलेले निम्मे लोक मेंढरे राखणारे होते आणि माझे आजोबाही त्यांतलेच.

टी. रेक्स या प्रचंड मांसाहारी डायनोसॉरला बाहेर काढण्यासाठी कुंपणाच्या आत एक शेळी बांधून ठेवतात, तो प्रसंग सर्वांना आठवत असेल. शहरातला प्रेक्षक त्या वेळी अंधारातून कोण येते याकडे पाहत असतो. आमच्या तंबूतले लोक शेळीकडे पाहत होते. पाऊस सुरू झाला, गाड्या बंद पडल्या, मुले घाबरली, तरी शेळीवरची कोणाची नजर हटेना. आजोबा मोठ्याने म्हणाले, ‘‘आरं, त्या शेळीला सोडा की!’’ आणि चार-पाच जणांनी त्यांना साथ दिली. मग गाडीच्या काचेवर तिचा तुटलेला पाय येऊन पडला आणि तंबूत अशी शांतता पसरली की जनरेटर स्पष्ट ऐकू यायला लागला. बाहेर वारा सुटला होता, त्याने पडदा हलत होता आणि त्यावरचा तो प्राणीही पडद्याबरोबर हलत होता. त्यानंतर मी हा चित्रपट मोठ्या पडद्यावर, उत्तम आवाजात पुष्कळ वेळा पाहिला; पण शेळीच्या बाजूने बसलेला प्रेक्षक मला पुन्हा भेटला नाही.

मिरजेहून, तंतुवाद्यांच्या कामातून

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून तंबोरे आणि सतारी तयार होतात, त्यामुळे माझे लक्ष चित्रपटातल्या एका पेल्यावर खिळले. टी. रेक्स येण्यापूर्वी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर गोल वलये उमटतात. प्राणी दिसलेला नाही, ओरडलेला नाही, फक्त पाणी हलले आहे. ही वलये कशी आणली असतील, याचा विचार मी अनेक दिवस करत होतो, कारण टेबलावर मूठ आपटून पाहिली तर पाणी नुसते डचमळते, वलये होत नाहीत.

पुढे एका कार्यक्रमात उत्तर मिळाले. त्या चित्रपटाचे विशेष परिणाम सांभाळणारे मायकेल लँटिएरी यांनाही हे लवकर जमले नव्हते. शेवटी त्यांनी गाडीत गिटारची तार बसवली आणि चित्रण चालू असताना खाली आडवा झालेला माणूस ती तार छेडत राहिला. हे ऐकून मी उठलो. जवारी लावून तयार असलेला एक तंबोरा आडवा ठेवला, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवर, स्टीलची छोटी वाटी पाण्याने अर्धी भरून ठेवली आणि खर्जाची तार हलकेच छेडली. वाटीच्या कडेपासून मध्यापर्यंत एकात एक बारीक वलये उभी राहिली आणि नाद विरेपर्यंत तशीच राहिली. तार थोडी उतरवली की वलयांमधले अंतर बदलत होते. वडील दाराशी उभे राहून पाहत होते. ते आत आले आणि त्यांनी दुसऱ्यांदा तार स्वतः छेडली. एकाच नेमक्या स्वराने पाणी असे बांधले जाते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण डोळ्यांनी पाहायला मिळाले ते त्या चित्रपटामुळे.

वाई परिसरातून, निवृत्त विज्ञान शिक्षक

जून १९९४ मध्ये शाळा उघडली आणि आठवीच्या वर्गाने पहिल्याच तासाला मला विचारले, ‘‘सर, आपल्या पांडवगडाखाली डायनोसॉरची हाडे असतील का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. मराठी विश्वकोशाचे काम आमच्या वाईतच चालते, तेव्हा त्यातल्या नोंदींपासून सुरुवात केली, मग भूशास्त्राची पुस्तके मिळवली आणि पावसाळा संपल्यावर त्या मुलांना पसरणी घाटात घेऊन गेलो.

घाटातल्या कापलेल्या कड्याकडे पाहिले, की पायऱ्यांसारखे एकावर एक थर दिसतात. ही सर्व लाव्ह्याची शिळा आहे, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे भाजल्यासारखा तांबडा मातीचा थर सापडतो. एक प्रवाह थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात तयार झालेली ती माती आहे. मुलांनी तिला हात लावून पाहिला. दख्खनच्या लाव्ह्याच्या एका मोठ्या भागाला भूशास्त्रज्ञांनी ‘वाई उपगट’ असेच नाव दिले आहे, हे सांगितल्यावर वर्गाला जो आनंद झाला, तो मी कधी विसरणार नाही.

हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे ज्या सुमारास उत्तर अमेरिकेत टी. रेक्सची शेवटची पिढी वावरत होती, त्याच सुमारास आपले डोंगर वितळलेल्या रूपात वाहत होते. त्यामुळे पांडवगडाच्या कातळात हाडे मिळण्याची आशा फार थोडी. ती मिळतात लाव्ह्याच्या खालच्या आणि कडेच्या गाळाच्या खडकांत. जबलपूरजवळ ती १८२८ मध्येच सापडली होती, गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली येथे सापडतात, आणि महाराष्ट्रात पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा व डोंगरगावकडे जावे लागते. नर्मदेच्या खोऱ्यातल्या अवशेषांवरून २००३ मध्ये राजासॉरस या आपल्याकडच्या मांसाहारी डायनोसॉरचे नामकरण झाले, तेव्हा त्या जुन्या वर्गातल्या तिघांनी मला त्याच आठवड्यात दूरध्वनी केला.

चित्रपटातल्या चुका मी मुलांपासून लपवल्या नाहीत. नावात ज्युरासिक असले तरी त्यातले टी. रेक्स, ट्रायसेराटॉप्स आणि व्हेलोसिरॅप्टर हे तिघेही नंतरच्या क्रिटेशस कालखंडातले आहेत. खरा व्हेलोसिरॅप्टर मोठ्या कोंबड्याहून फारसा उंच नव्हता आणि त्याला पिसे होती. चित्रपटात ज्यापासून डायनोसॉर घडवतात, तो डासाच्या पोटातल्या रक्तातला डीएनए कोट्यवधी वर्षे टिकत नाही. हे सर्व सांगूनही माझे त्या चित्रपटावरचे प्रेम तिळभर कमी झालेले नाही, कारण तीस वर्षांच्या नोकरीत घाटातला दगड पाहायला मुले स्वतःहून निघाली, असे मला फक्त त्याच वर्षी अनुभवायला मिळाले.

तासगावहून

१९९४ मध्ये मी अकरा वर्षांची होते आणि आमच्या वाड्यातून संध्याकाळच्या खेळाला फक्त मुलगे गेले. भावाने रात्री अंथरुणावर सगळी गोष्ट सांगितली, पण त्याने चित्रपटातल्या लेक्स या मुलीचा उल्लेखही केला नव्हता. नववीत असताना केबलवर चित्रपट लागला आणि मला कळले, की शेवटी रॅप्टर दार ढकलत असताना संगणकासमोर बसून कुलुपे सुरू करते ती लेक्स. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी! मायकेल क्रायटन यांच्या १९९० च्या मूळ कादंबरीत संगणकाची जाण भावाला आहे, बहीण लहान आहे. चित्रपट करताना ते काम बहिणीकडे दिले गेले. ज्यांनी कोणी तो बदल केला, त्यांची मी मनापासून ऋणी आहे.

बारावीनंतर संगणकाचेच शिक्षण घ्यायचे म्हणून मी हट्ट धरला आणि आईने तो पुरवला. आज एका पतसंस्थेची संगणक यंत्रणा माझ्याकडे आहे, आणि रात्री ती बंद पडली की ती सुरू करायला मीच जाते. २०१५ च्या जूनमध्ये ‘ज्युरासिक वर्ल्ड’ आला तेव्हा मुलीला घेऊन सांगलीला गेले. त्यात दिसणारी टी. रेक्स ही पहिल्या चित्रपटातलीच, वय झालेली आणि अंगावर जुने व्रण असलेली मादी आहे, हे मी तिला आधीच सांगून ठेवले होते. ती दारातून बाहेर आली तेव्हा मुलीने माझा हात धरून विचारले, ‘‘आई, हीच ना तुझ्या वेळची?’’

फलटणकडून, पशुवैद्यक

वरचे सर्व लेखन वाचले आणि आजारी ट्रायसेराटॉप्सचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. ती जमिनीवर आडवी पडलेली आहे, श्वासाबरोबर तिची बरगडी वर-खाली होते आहे, आणि डॉ. ग्रँट धावत जाऊन तिच्या पोटावर अंग टाकून तो श्वास अनुभवतात. ते संगणकावरचे चित्र नव्हते. स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत घडवलेला यांत्रिक प्राणी होता, म्हणूनच अभिनेत्याला त्यावर डोके टेकता आले. एली तिची जीभ तपासते, नंतर शेणाच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालते. विषारी वनस्पतीचा संशय असतो, पण शेणात तिचा अंश मिळत नाही आणि निदान अपुरे राहते. आमच्या कामातल्या कित्येक रात्री अशाच संपतात. आडव्या पडलेल्या म्हशीच्या बरगडीवर हात ठेवला की मला अजून तो प्रसंग आठवतो.

सांगलीहून, मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमधून

वैद्यसाहेबांनी स्टॅन विन्स्टन यांचे नाव काढले, म्हणून धीर आला. १९९७ च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने हलता देखावा करायचे ठरवले आणि मी टी. रेक्सचा आग्रह धरला. लोखंडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, वरून फोमचे तुकडे चिकटवून रंग, असे ते काम दीड महिना रात्री गॅरेजमध्ये चालले. जबडा हलवण्यासाठी जुन्या ट्रकची वायपरची मोटार वापरली आणि मान वळवण्यासाठी सायकलची चेन व दोन स्प्रॉकेट घेतली. पहिले चार दिवस गर्दी आवरत नव्हती.

पाचव्या दिवशी रात्रभर पाऊस झाला आणि मांडव गळला. सकाळी जाऊन पाहतो तर फोमने पाणी धरलेले, मान छातीपर्यंत वाकलेली, आणि मोटार लावली तशी ती थरथरत राहिली व दहा मिनिटांत तिचे दाते गेले. मुले दोरीबाहेर रडवेली होऊन उभी होती. मी पिळून पाणी काढले, कार्यकर्त्यांच्या घरून टॉवेल मागवले, शेजारच्या सलूनवाल्याने केस वाळवण्याचे यंत्र दिले, आणि आरतीच्या वेळी जबडा पुन्हा उघडला.

खूप वर्षांनी वाचले, की पावसातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगाचे चित्रण करताना त्यांच्या सुमारे चार टनांच्या टी. रेक्सचीही हीच अवस्था झाली होती. रबराच्या कातडीने पाणी शोषले, वजन वाढले, सगळे यंत्र थरथरू लागले आणि माणसे टॉवेलने ते पुसत बसली. एवढ्या मोठ्या लोकांच्या हातातही तोच टॉवेल होता, हे वाचून मी ते पान घडी घालून पाकिटात ठेवले.

तो जबडा अजून माझ्या माळ्यावर आहे. तो हलवणारी चकती (कॅम) शाबूत आहे, मोटार नवी बसवावी लागेल, आणि या वेळी फोमवर लॅटेक्सचे दोन हात द्यायचे ठरवले आहे. येत्या भाद्रपदात देखाव्यात गाडी आणि पाण्याचा पेलाही ठेवण्याचा विचार आहे. मिरजेच्या दादांना विनंती आहे, की कोणत्या जाडीची तार घ्यावी आणि ती किती ताणावी, एवढे सांगावे. आपण म्हणाल त्या रविवारी मी पेला घेऊन येतो.