मदत हवी आहे: सीन कापला तर आणखीच लांब वाटतोय!

नमस्कार मंडळी,

हौसेने शॉर्टफिल्म केली आहे, एडिटिंगही मीच करतोय. एका सीनवर अडलोय. रात्रीचं एसटी स्टँड, शेवटची गाडी, मुलगा पुण्याला निघालाय, वडील सोडायला आलेत. दोघांत वीसेक वाक्यं, तीही 'पाणी घेतलंस का' छापाची. पहिल्या कटला सीन ३ मिनिटं १० सेकंदांचा होता. बायको म्हणाली, रेंगाळतोय. सगळे पॉज काढून २ मिनिटांवर आणला. आता म्हणते, आधीपेक्षा कंटाळवाणा झालाय! वैताग म्हणजे, तिचं खरं आहे.

'कोर्ट' (२०१४) परत पाहिला. कॅमेरा बहुतेक जागचा हलत नाही, शॉट संपता संपत नाही, तरी घड्याळाकडे लक्ष जात नाही. मग माझंच का रखडतं? पार्श्वसंगीत टाकून बघू का?

प्रतिसाद:
संगीत आत्ता नकोच, चूक त्याखाली दडून जाईल. आधी टाइमलाइनवर शॉटच्या लांब्या बघा. पैज लावतो, सगळे चारेक सेकंदांचे असतील आणि वाक्य संपलं की कट पडत असेल. हा बोलला, कट. तो बोलला, कट. पुढचा कट कधी येणार हे प्रेक्षकाला कळायला लागतं, आणि कंटाळा तिथूनच सुरू होतो.

मुलाचं वाक्य चालू असतानाच वडिलांवर या, ते त्यांच्या चेहऱ्यावर संपू दे (एल-कट). गाडी दिसण्याआधी १०-१५ फ्रेम (म्हणजे साधारण अर्धा सेकंद) तिचा आवाज येऊ दे (जे-कट). मग एकच जागा निवडा आणि तिथे कात्री लावू नका. हॉलिवूडचा एडिटर वॉल्टर मर्च, त्याच्या चांगल्या कटच्या सहा निकषांत भावनेला ५१ टक्के आहेत, लयीला १० (कुठल्या तराजूत तोलले देव जाणे). म्हणजे कट तालात बसला पण बापाचा चेहरा वाया गेला, तर तो कट चुकलाच.

धागाकर्ता:
मोजले. २७ पैकी २२ शॉट चार सेकंदांच्या आसपास! वडील खिशातून दुमडलेल्या नोटा काढतात तो शॉट ११ सेकंद तसाच ठेवला. सीन परत अडीच मिनिटांवर गेलाय, पण बायकोने मोबाइल खाली ठेवून पाहिला.

आता एकच शंका: गाडी सुटल्यावर वडिलांवर थांबू की रिकाम्या फलाटावर?