काळपटपणा मूळचा नाही

जुन्या रशियन ऑर्थोडॉक्स प्रतिमा, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेली ख्रिस्ती धर्मचित्रे, मुद्दाम काळपट रंगवत असत, असे वर एका प्रतिसादात म्हटले आहे; ते मला पटत नाही. लिंडन या झाडाच्या फळीचा मधला भाग किंचित खोल कोरून, त्यावर कापड चिकटवून खडू आणि सरसाचे अनेक पातळ थर देतात, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करतात आणि मग अंड्याच्या बलकात खललेले रंग लावतात. हे रंग चांगलेच उजळ असतात. काळोखी येते ती वरून दिलेल्या जवसाच्या तेलाच्या थरामुळे, कारण तो काही दशकांत गडद होतो आणि मेणबत्त्यांची काजळीही धरून ठेवतो. रशियन चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्ह याच्या ‘पवित्र त्रैक्य’ या तीन देवदूतांच्या प्रतिमेवरील धातूचे आवरण काढून १९०४ मध्ये सफाई सुरू झाली, ती १९१८-१९ मध्ये पुन्हा हाती घेतली गेली, आणि मधल्या देवदूताच्या वस्त्राची ती विलक्षण निळाई आज आपल्याला दिसते.