ट्री सिटिंगला मराठीत काय म्हणू? मदत हवी आहे

मंडळी एक मदत हवीये. झाड तोडू नये म्हणून त्याच्यावरच मुक्काम ठोकायचा, या आंदोलनावर मला दहा मिनिटं बोलायचंय आणि शब्दापाशीच गाडी अडलीये. 'वृक्षारोहण' म्हटलं की गिर्यारोहणाचा भाऊ वाटतो, 'झाडावरचं धरणं' बरंय पण लोक हसतील का? 'चिपको' नको, तिथे खाली उभं राहून खोडाला मिठी मारायचे, इथे वर राहायचं असतं.

मुख्य उदाहरण कॅलिफोर्नियातल्या ज्युलिया बटरफ्लाय हिलचं घेतलंय, बाई डिसेंबर १९९७ मध्ये 'लुना' नावाच्या रेडवुडच्या झाडावर चढली ती थेट डिसेंबर १९९९ मध्ये उतरली, ७३८ दिवस, साधारण ५५ मीटर उंचीवर, आणि जेवणखाण खालून साथीदार दोरीने पोचवायचे, म्हणजे 'एकटीचं' आंदोलन म्हणणंही बरोबर नाही. शेवटी लाकूड कंपनीशी करार झाला, झाड वाचलं. पण २००० मध्ये कोणीतरी येऊन करवतीने खोड खोलवर कापून गेलं (वाचून डोकंच फिरलं), मग पोलादी पट्ट्या ठोकून ते सावरलं.

तर भाषण करारावर संपवू की करवतीवर? मला करवतीवर संपवावंसं वाटतंय, पण ऐकणारे म्हणतील मग चढून उपयोग काय. आणि शब्द सुचवाच प्लीज.