ताऱ्याचा एक्स-रे काढतं कोण? ट्यूब कुठे, कॅसेट कुठे?

फिल्मवाला_गुहागर
मंडळी, मी इकडे गुहागरला एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, पंधरा वर्षं झाली. पावसात पेशंट कमी म्हणून परवा मोबाईल चाळत बसलेलो तर वाचलं की ब्लॅक होलने तारा फाडला आणि त्याचे एक्स-रे सापडले. आता आमच्याकडे कसं, ट्यूब किरण सोडते, मध्ये पेशंट, पाठीमागे फिल्मची कॅसेट. तिकडे ट्यूब कोण धरून उभा आहे? आणि ब्लॅक होलमधून उजेडपण सुटत नाही म्हणतात, मग हे किरण आले कुठून? हसू नका, खरंच विचारतोय.

कोकमसोडा
सोप्पंय. तारा गिळला की ब्लॅक होल ढेकर देतो, तेच एक्स-रे 😄

भांगाची_भरती
ढेकर पोटातून येतो हो, इथे आतून काहीच येत नाही. जे काय होतं ते तोंडाबाहेर होतं.

फिल्मवाले दादा, तुम्ही समुद्राकाठचे, तर भरतीपासून धरा. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास १८० पट जोराने ओढतो, तरी भरती जास्त कोणाची? चंद्राची. कारण नुसत्या ओढीने भरती येत नाही, जवळच्या बाजूला जास्त ओढ आणि लांबच्या बाजूला कमी, या फरकाने येते, आणि चंद्र जवळ असल्याने तो फरक मोठा. पुनव-अवसेला दोघं एका रेषेत आले की उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. ब्लॅक होलजवळ हाच फरक इतका वाढतो की ताराच ताणून फाटतो. दहा लाख सूर्यांएवढा ब्लॅक होल असेल तर आपल्या सूर्यासारखा तारा साधारण ७ कोटी किमीवर आला की संपला, आणि त्या ब्लॅक होलची हद्द, जिच्या आतून उजेडपण सुटत नाही ती, असते फक्त ३० लाख किमीवर. म्हणजे सगळी फाडाफाड हद्दीच्या कितीतरी बाहेर. ब्लॅक होल दहा कोटी सूर्यांच्याही वर गेला तर मात्र गणित उलटतं, असला तारा न फाटता अख्खा आत जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

फाटलेला वायू मग गोल गोल फिरत एकमेकावर घासतो, तापतो, पाच-दहा लाख अंशांपर्यंत. लोखंड तापलं की लाल दिसतं ना, तसा एवढा तापलेला वायू एक्स-रे सोडतो. म्हणजे ट्यूब वगैरे कोणी धरलेली नाही, पेशंटच पेटलाय.

फिल्मवाला_गुहागर
पेशंटच पेटलाय 😂 हे पटलं. पण केव्ही किती, म्हणजे किरणांना जोर किती?

भांगाची_भरती
बऱ्याचदा १ केव्हीच्या पण खाली. तुम्ही हाताला पन्नासेक लावत असाल.

फिल्मवाला_गुहागर
अहो मग ते आमच्या ट्यूबसमोरच्या ॲल्युमिनियम फिल्टरमध्येच मेले असते, आम्ही मऊ, म्हणजे कमी जोराचे किरण मुद्दाम अडवतो, फोटोला उपयोग शून्य आणि पेशंटच्या कातडीला फुकटचा डोस.

रत्नांग्रीचो_झील
म्हणूनच तर दुर्बीण वर अवकाशात न्यावी लागते, आपली हवा पण तुमच्या फिल्टरसारखीच, खालपर्यंत काही पोचू देत नाही. पहिल्या अशा घटना १९९०-९१ ला जर्मनांच्या रोसॅट उपग्रहाने आकाश पालथं घातलं तेव्हा मिळाल्या. आणि आपला ॲस्ट्रोसॅट आहे की, २०१५ ला सोडलेला, त्यावरची मऊ एक्स-रेची दुर्बीण मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत तयार झाली. एटी२०१९क्यूआयझेड म्हणून एक प्रकरण आहे, २१ कोटी प्रकाशवर्षं लांब. २०१९ ला तिथे तारा फाटला, दोनचार वर्षांनी बघतात तर दर ४८ तासांनी एक्स-रेचा भडका. चंद्रा, नायसर, स्विफ्ट या अवकाशातल्या दुर्बिणींच्या जोडीला ॲस्ट्रोसॅटपण त्यावर होता, २०२४ ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. त्यांचा अंदाज असा की उरलेल्या वायूची चकती पसरत पसरत शेजारून फिरणाऱ्या दुसऱ्या कुठल्यातरी गोळ्याच्या वाटेत आली, आणि तो आता दर फेरीला त्या चकतीतून आरपार घुसतो. आमच्याकडे लाईट तरी कुठे इतक्या टायमावर जाते.

माका_काय_कळना
सगळा बरां सांगितलात, पन तारो फाटलो तर सगळोच काय ब्लॅक होलाभोवती फिरत ऱ्हवता?

भांगाची_भरती
नाय हो, साधारण अर्धाच. ब्लॅक होलच्या बाजूचा अर्धा भाग बांधला जातो आणि महिना-दीड महिन्यात परत यायला लागतो, आधी धो धो मग कमी कमी होत जातो, म्हणून तो उजेडपण हळूहळू उतरतो. मार्टिन रीस या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने हे १९८८ लाच मांडून ठेवलेलं.

माका_काय_कळना
आनी दुसरो अर्धो?

भांगाची_भरती
तो गेला. सेकंदाला हजारो किमीच्या वेगाने बाहेर फेकला जातो, परत येत नाही.